दाखवणारे कोण, पाहणारे कोण

मार्च १८४९मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडहून फिलाडेल्फियाला एक लाकडी खोका रवाना झाला. तीन फूट लांब, जेमतेम पावणेतीन फूट खोल, दोन फूट रुंद. वर लिहिलं होतं कापडचोपड. आत होता हेन्री ब्राउन, तंबाखूच्या कारखान्यात राबणारा गुलाम. आदल्याच वर्षी त्याची बायको आणि मुलं विकली गेली होती. सत्तावीस तासांचा प्रवास, त्यातला काही वेळ डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत काढून तो जिवंत बाहेर आला.

इथवरची गोष्ट धाडसाची आहे. पुढची गोष्ट कलेच्या इतिहासात यायला हवी, पण तिथे ती क्वचितच सापडते. ब्राउनने ‘बॉक्स’ हे मधलं नाव घेतलं. १८५०मध्ये बोस्टनला त्याने गुलामगिरीवरची एक भली मोठी, गुंडाळीतून उलगडत जाणारी चित्रमालिका लोकांना दाखवायला सुरुवात केली. फरारी गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा त्याच वर्षी झाला, तेव्हा तो इंग्लंडला निघून गेला. तिथे १८५१मध्ये त्याने स्वतःला पुन्हा खोक्यात बंद करून घेतलं, ब्रॅडफर्डहून लीड्सपर्यंत रेल्वेने प्रवास केला आणि जमलेल्या लोकांसमोर बाहेर आला. ज्या प्रसंगातून जीव वाचवला तोच प्रसंग ठरवून, स्वतःच्या मर्जीने, प्रेक्षकांपुढे पुन्हा करायचा, याला आज आपण परफॉर्मन्स आर्ट म्हणतो. गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांना हा गाजावाजा पसंत नव्हता. खोक्याची वाट जाहीर झाली नसती तर आणखी माणसं त्या वाटेने सुटली असती, असं त्यांचं म्हणणं. यातना दाखवाव्यात की झाकाव्यात, हा वाद असा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा आहे.

अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या प्रयोगांकडे पाहताना मला वाटतं, त्यांची सुरुवात १९६०च्या दशकातल्या प्रयोगशील गोऱ्या कलाकारांपासून धरणं चूक आहे. कारण कृष्णवर्णीय शरीर त्याच्या फार आधीपासून प्रदर्शनात होतं. लिलावाच्या चौथऱ्यावर दात आणि दंड तपासले जात होते. दक्षिण आफ्रिकेची सारा बार्टमन १८१०मध्ये लंडनला तिकीट लावून दाखवली गेली. १८१५मध्ये ती पॅरिसला वारली, तरी तिचे अवशेष तिथल्या संग्रहालयात १९७४पर्यंत मांडलेले होते आणि मायदेशी परतायला २००२ साल उजाडलं. ओटा बेंगा या काँगोतल्या तरुणाला १९०६मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात माकडांच्या घरात ठेवलं होतं. कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी आवाज उठवला तेव्हा त्याची सुटका झाली. जमावाने एखाद्याला फासावर लटकवल्यावर त्या प्रेताच्या फोटोची पोस्टकार्डं छापून नातेवाइकांना पाठवली जात. म्हणजे मांडणी, प्रेक्षक, तिकीट, स्मरणिका असं सगळं आधीच तयार होतं. एकच गोष्ट नव्हती: जो मांडला गेला आहे त्याचा निर्णय. पुढे कलाकार आणि क्युरेटर या दोन्ही भूमिका एकाच माणसाने अंगावर घेण्याची जी परंपरा दिसते तिचं मूळ मला इथे दिसतं. नुसतं स्टेजवर उभं राहून भागणार नव्हतं. स्टेजच आपल्या हातात घ्यावं लागणार होतं.

हे सर्वांत आधी ज्यांना उमगलं त्यांत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांचं नाव घ्यावं लागतं. समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांची ओळख सगळीकडे आहे, पण १९००च्या पॅरिस प्रदर्शनात अमेरिकन निग्रो विभागासाठी त्यांनी विद्यार्थ्यांकडून हाताने रंगवलेले साठेक तक्ते आणि जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची शेकडो छायाचित्रं मांडली. जमीन किती, शाळेत किती, कर किती भरला, हे लाल-हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांत. हे तक्ते आज पाहिले तर डोळे दिपतात. आधुनिक आलेखकलेला शोभतील असे आहेत. मग १९१३मध्ये गुलामांच्या मुक्तीला पन्नास वर्षं झाल्याच्या निमित्ताने त्यांनी ‘द स्टार ऑफ इथिओपिया’ हा शेकडो नटांचा भव्य देखावा न्यूयॉर्कमध्ये उभा केला. पुढे तो वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिसलाही झाला. त्याच वर्षी जुलैत डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले होते. दोघांचा पत्रव्यवहार मात्र १९४६चा: अमेरिकन निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती आंबेडकरांनी मागवल्या आणि ड्यू बॉईस यांनी आस्थेने उत्तर दिलं. त्याच्याही कितीतरी आधी, १८७३मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचं कारण नाही. दलित पँथरने १९७२मध्ये नाव कुठून घेतलं हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

संग्रहालयांशी उघड संघर्ष १९६९मध्ये झाला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ‘हार्लेम ऑन माय माइंड’ हे प्रदर्शन भरवलं. हार्लेमवर प्रदर्शन, आणि त्यात हार्लेममधल्या एकाही चित्रकाराचं चित्र नाही की शिल्पकाराचं शिल्प नाही! भिंतभर छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं आणि माहितीफलक. म्हणजे समाज पाहण्याजोगा, पण त्याच्या कलाकारांकडे पाहण्यासारखं काही नाही. बेनी अँड्र्यूज आणि इतरांनी दारात निदर्शनं केली. या प्रदर्शनाचा एकच लाभ सांगता येतो: जेम्स व्हॅन डर झी या हार्लेमच्या वयोवृद्ध छायाचित्रकाराला उशिरा का होईना नाव मिळालं. हार्लेममध्ये स्टुडिओ म्युझियम आदल्याच वर्षी सुरू झालं होतं. १९७४मध्ये लिंडा गुड ब्रायंटने ‘जस्ट अबव्ह मिडटाउन’ नावाची गॅलरी ५७व्या रस्त्यावर, धनाढ्य गोऱ्या गॅलऱ्यांच्या ऐन वस्तीत काढली. ती १९८६पर्यंत कशीबशी चालली आणि तिथून डेव्हिड हॅमन्स, सेंगा नेंगूडी यांच्यासारखे लोक पुढे आले.

त्याच गॅलरीत जून १९८०मध्ये एक बाई न बोलावता शिरली. अंगात पांढऱ्या हातमोज्यांच्या १८० जोड्या शिवून केलेला झगा, डोक्यावर मुकुट, हातात पांढऱ्या शेवंतीने सजवलेला नऊ पदरी चाबूक. स्वतःचं नाव तिने सांगितलं ‘मादमोआझेल बूर्ज्वा न्वार’. हसत हसत सगळ्यांना फुलं वाटली. फुलं संपल्यावर उरलेल्या चाबकाने स्वतःच्या पाठीवर फटके मारले आणि कृष्णवर्णीय कलाकारांना सुनावलं की मिळमिळीत वागणं सोडा, धोका पत्करा. ही लोरेन ओ’ग्रेडी. जमैकन आईबापांची बोस्टनमध्ये जन्मलेली मुलगी. सरकारी गुप्तवार्ता विश्लेषक, भाषांतरकार, रॉक संगीताची समीक्षक अशी वळणं घेत पंचेचाळिशीच्या घरात कलेत आली. मला तिचं कौतुक आहे ते तिने पहिला चाबूक आपल्याच लोकांवर उगारला म्हणून. हातमोजे घालून, गोऱ्यांना खपेल अशा बेताने केलेल्या कलेची तिला चीड होती आणि ते तिने त्यांच्याच घरात जाऊन सांगितलं. पुढच्या वर्षी ती न्यू म्युझियममध्ये याच वेशात घुसली. तिथल्या प्रदर्शनातले नऊच्या नऊ कलाकार गोरे होते. शाळकरी मुलांसाठी कार्यशाळा घ्यायचं तिला तिथूनच आमंत्रण होतं. या प्रकारानंतर ते मागे घेतलं गेलं.

ओ’ग्रेडी तिथे थांबली नाही. १९८३मध्ये तिने मादमोआझेलच्याच नावाने ‘द ब्लॅक अँड व्हाइट शो’ हे प्रदर्शन क्युरेट केलं: चौदा कृष्णवर्णीय कलाकार, चौदा गोरे, आणि सगळी कामं फक्त काळ्या-पांढऱ्यात. भिंतीवर कुणाचं काम कोणतं हे ओळखायला जाल तर फसाल, अशी ती युक्ती. त्याच सप्टेंबरात हार्लेमच्या आफ्रिकन-अमेरिकन डे मिरवणुकीत तिने एक रथ घातला. रथावर दुसरं काही नाही, एक अवाढव्य सोनेरी चौकट. जसा रथ पुढे जाई तशी रस्त्यावरची दुकानं, पोलीस, गच्चीतल्या बायका त्या चौकटीत येत आणि जात. पांढऱ्या कपड्यांतली पंधरा माणसं हातात रिकाम्या सोनेरी चौकटी घेऊन गर्दीत फिरत, आणि लोक ओरडून म्हणत, आमच्यापुढे धरा. निमित्त झालं होतं ते एका ओळखीच्या समाजसेविकेच्या बोलण्याचं: प्रयोगशील कलेचा कृष्णवर्णीय माणसांशी काय संबंध, असं ती म्हणाली होती. ‘आर्ट इज...’ हे काम त्याला दिलेलं उत्तर. माझ्या मते या संपूर्ण परंपरेतलं हे सर्वांत मोठं काम आहे, कारण यात कुणाचीही जखम मांडलेली नाही आणि तरीही अन्याय लख्ख दिसतो: एवढ्या माणसांवर आजवर कुणी चौकट धरली नव्हती. ओ’ग्रेडीचं पहिलं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन ब्रुकलिन म्युझियममध्ये २०२१मध्ये भरलं. तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची होती. डिसेंबर २०२४मध्ये ती गेली.

तिच्याच काळातली एड्रियन पायपर वेगळ्या वाटेची. तत्त्वज्ञानाची प्राध्यापक आणि कलाकारही. गोरेपणाकडे झुकणारी कातडी असल्याने तिच्यासमोर लोक बेधडक वंशद्वेषी विनोद करत. १९८६पासून ती अशा प्रसंगी एक छोटंसं छापील कार्ड पुढे करू लागली: मी कृष्णवर्णीय आहे, तुमच्या वागण्याने मला झालेल्या त्रासाबद्दल सांगते आहे. बाकी काही नाही. आवाज नाही, रंगमंच नाही. पण पुढे तिने आणखी एक पाऊल टाकलं. ‘रॅडिकल प्रेझेन्स’ हे कृष्णवर्णीयांच्या परफॉर्मन्स कलेचं व्हॅलेरी कॅसल ऑलिव्हरने घडवलेलं प्रदर्शन २०१३मध्ये न्यूयॉर्कला आलं तेव्हा पायपरने आपलं काम त्यातून काढून घेतलं. फक्त कृष्णवर्णीयांची वेगळी पंगत मांडण्यापेक्षा सगळ्यांच्या पंगतीत बसवा, असा तिचा आग्रह. मला हे पूर्ण पटत नाही. वेगळं प्रदर्शन भरल्यावाचून कितीतरी नावं कधी कळलीच नसती. पण नकार हेही कलाकाराचं हत्यार असतं हे तिने दाखवलं.

पोप.एल. या कलाकाराबद्दल थोडक्यात. सुटाबुटात रस्त्यावर सरपटत जायचं, हे त्याचं काम. १९९१मध्ये टॉम्पकिन्स स्क्वेअरजवळ तो हातात फुलझाडाची कुंडी घेऊन सरपटत असताना एक कृष्णवर्णीय रहिवासीच संतापून आडवा आला: आपल्या माणसाला असं मातीत लोळताना का दाखवतोस? दाखवावं की झाकावं, हा डग्लस यांच्या काळचाच वाद, पुन्हा. २००१पासून त्याने सुपरमॅनचा पोशाख घालून ब्रॉडवेवर टप्प्याटप्प्याने बावीस मैल सरपटायचं ठरवलं आणि त्याला वर्षानुवर्षं घेतली. तो २०२३मध्ये वारला.

फ्रेड विल्सनवर मात्र थांबायला हवं. तरुणपणी त्याने संग्रहालयात पहारेकऱ्याची नोकरी केली होती. १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मार्गदर्शक स्वयंसेवकांशी त्याची भेट ठरली. थोडा वेळ गप्पा झाल्या, मग अमुक ठिकाणी भेटू म्हणून तो गेला आणि पहारेकऱ्याचा गणवेश चढवून तिथे उभा राहिला. स्वयंसेवक त्याच्या पुढ्यातून गेले, त्याला शोधत राहिले. कुणीही ओळखलं नाही. एवढासा प्रयोग, पण संग्रहालयातला कृष्णवर्णीय माणूस कुठल्या रूपात अदृश्य असतो ते सांगायला पुरेसा.

पुढच्या वर्षी बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने त्याला आपलं कोठार उघडून दिलं. ‘मायनिंग द म्युझियम’. विल्सनने स्वतः काहीही घडवलं नाही. होतं तेच वेगळं मांडलं. ‘धातुकाम’ अशा साळसूद फलकाखाली चांदीच्या नक्षीदार सुरया, पेले आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या. ‘लाकूडकाम’ या फलकाखाली दिवाणखान्यातल्या उंची खुर्च्या प्रेक्षकांसारख्या ओळीने लावल्या, आणि त्यांच्यासमोर फटके मारण्याचा खांब. जुन्या बाबागाडीत कू क्लक्स क्लॅनचा बुरखा. दारातच नेपोलियन, हेन्री क्ले आणि अँड्र्यू जॅक्सन यांचे अर्धपुतळे, ज्यांच्यापैकी एकही मेरीलँडचा नाही, आणि शेजारी तीन रिकामे चौथरे: हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर. हे तिघेही कृष्णवर्णीय आणि मेरीलँडचे. त्यांचे पुतळे संग्रहात नव्हतेच. जुन्या तैलचित्रांत कोपऱ्यात उभ्या असलेल्या गुलाम मुलांवर प्रकाश टाकला आणि ध्वनिमुद्रित आवाजात ती मुलं विचारत होती, माझे केस कोण विंचरतं. प्रदर्शनाची मुदत वाढवावी लागली. यानंतर अनेक संग्रहालयांनी कलाकारांना बोलावून आपलं कोठार ढवळायला दिलं. ती पुढे फॅशन झाली आणि फॅशन झाल्यावर तिचा दंश गेला: आज बेड्या दाखवल्या की संग्रहालयाला आपली जबाबदारी संपल्यासारखी वाटते. त्यात विल्सनचा दोष नाही.

खरे वाद पेटतात ते जखम थेट दाखवली जाते तेव्हा. दक्षिण आफ्रिकेचा गोरा नाट्यकर्मी ब्रेट बेली याच्या ‘एक्झिबिट बी’मध्ये कृष्णवर्णीय नट बेड्यांत, पिंजऱ्यात निश्चल बसत, प्रेक्षकाने त्यांच्यासमोर जायचं आणि ते प्रेक्षकाकडे टक लावून पाहत राहायचे. सप्टेंबर २०१४मध्ये लंडनच्या बार्बिकनने निदर्शनांनंतर हा प्रयोग रद्द केला. त्याविरुद्धच्या अर्जावर वीस हजारांहून जास्त सह्या होत्या. काम करणाऱ्या नटांनी मात्र प्रयोगाची बाजू घेतली होती, हेही नमूद करायला हवं. तीन वर्षांनी व्हिटनीत डाना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीने एमेट टिलच्या प्रेताचं चित्र लावलं. पार्कर ब्राइट हा तरुण कलाकार त्या चित्राला पाठ करून लोकांची दृष्टी अडवत उभा राहिला. लेखिका-कलाकार हॅना ब्लॅकने चित्र नष्टच करा अशी मागणी केली. नष्ट करा हे मला मान्य नाही, ती वाट भलत्याच दिशेला जाते. पण ब्राइटच्या उभं राहण्यात त्या चित्रापेक्षा जास्त कला होती असं माझं मत आहे.

कारण टिलची गोष्ट आधीच एकीने क्युरेट केली होती. ऑगस्ट १९५५मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेटला गोऱ्यांनी ठार मारलं. आई मेमी टिल यांनी शिकागोत शवपेटी उघडी ठेवण्याचा हट्ट धरला, छिन्नविच्छिन्न चेहरा हजारोंना पाहू दिला, ‘जेट’ साप्ताहिकाला छापू दिला. तिने दाखवलं, कुणाला दाखवायचं हेही तिने ठरवलं. ती शवपेटी आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयात आहे. कलाकार गोरा की काळा यापेक्षा मी हीच कसोटी लावतो: ज्याचं दुःख आहे त्याच्या घरातल्या कुणाचा या मांडणीत शब्द चालला का? १९९२मध्ये कोको फुस्को आणि गियेर्मो गोमेझ-पेन्या पिंजऱ्यात बसले, आपण आजवर न सापडलेल्या बेटावरचे आदिवासी आहोत असं सोंग घेऊन. कितीतरी प्रेक्षकांना ते खरं वाटलं. तिथे पिंजऱ्यातलेच पिंजऱ्याचे मालक होते, म्हणून विनोद प्रेक्षकावर उलटला. बेलीच्या पिंजऱ्याची किल्ली बेलीकडे होती. कारा वॉकरने २०१४मध्ये ब्रुकलिनच्या जुन्या डॉमिनो साखर कारखान्यात साखरेने मढवलेली अवाढव्य स्त्री-स्फिंक्स उभारली. तिच्यापुढे लोकांनी अचकटविचकट सेल्फी काढले, तर वॉकरने त्या लोकांचंच चित्रीकरण करून वेगळी फिल्म बनवली. पाहणाऱ्यालाही मांडता येतं ते असं.

ब्रिटनमध्ये, ओ’ग्रेडीच्याच काळात, लुबैना हिमिदने चित्रं काढता काढता प्रदर्शनंही भरवली. १९८५च्या ‘द थिन ब्लॅक लाइन’ला लंडनच्या आयसीए या कलासंस्थेने एक बोळ दिला होता. त्यात सुतपा विश्वास आणि चिला कुमारी बर्मन होत्या: तेव्हाच्या ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक’ या राजकीय छत्राखाली भारतीय वंशाच्याही बायका उभ्या होत्या. ते छत्र आज तितकं उरलेलं नाही. हिमिदला टर्नर पुरस्कार मिळायला २०१७ उजाडलं.

अलीकडच्या कामांत मला ड्रेड स्कॉटचं सर्वांत मोलाचं वाटतं. १८११मध्ये लुईझियानात उसाच्या मळ्यांवरच्या शेकडो गुलामांनी चार्ल्स डेलाँडच्या नेतृत्वाखाली न्यू ऑर्लिन्सवर चाल केली. उठाव चिरडला गेला आणि बंडखोरांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली गेली. नोव्हेंबर २०१९मध्ये स्कॉटने त्याच वाटेने, काही शे कृष्णवर्णीय आणि आदिवासी वंशाच्या माणसांना त्या काळचे कपडे घालून दोन दिवस चालवलं. वाटेत मळ्यांच्या जागी आता तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने आहेत. सहभागी माणसं भाड्याने आणलेली नव्हती. महिनोन्महिने बैठका घेऊन, शिवणकामाचे वर्ग भरवून ती जमवली होती. आणि शेवट बदलला. मुंडकी नाहीत, कत्तल नाही. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरमध्ये नाच-गाणं. काहींना हा इतिहासाचा विपर्यास वाटला. मला नाही वाटत. पराभव नोंदवायला कागदपत्रं आहेत. आपण काय मिळवायला निघालो होतो हे नोंदवायला चालणाऱ्यांशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.

या सगळ्यातून संस्था किती बदलल्या? अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या मेलन फाउंडेशनच्या २०१५च्या पाहणीत क्युरेटर, संवर्धक, शिक्षक आणि नेतृत्व यांत कृष्णवर्णीय केवळ ४ टक्के निघाले. २००८ ते २०२० या काळात ३१ संग्रहालयांनी घेतलेल्या कामांपैकी कृष्णवर्णीय अमेरिकन कलाकारांची कामं २.२ टक्के. म्हणजे ओ’ग्रेडीने चाबूक ओढल्यानंतर चाळीस वर्षांनीची ही गत. मार्च २०२५मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने स्मिथसोनियन संस्थेवर ‘फूट पाडणाऱ्या’ मांडणीचा ठपका ठेवला, आणि त्यात आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाचंही नाव घेतलं. दिलेली भिंत काढून घेता येते, हे ‘जस्ट अबव्ह मिडटाउन’वाल्यांना ठाऊक होतंच.

त्याच वर्षी मे महिन्यात उलट दिशेचीही एक गोष्ट घडली. १८५०मध्ये हार्वर्डच्या लुई अगासी या शास्त्रज्ञाने वंशश्रेष्ठत्व सिद्ध करायला दक्षिण कॅरोलिनातल्या गुलामांना उघडं करून त्यांची छायाचित्रं काढून घेतली होती. १९७६मध्ये ती हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाच्या माळ्यावर सापडली. कलाकार कॅरी मे वीम्सने १९९५मध्ये ती लाल रंगात बुडवून, वर शब्द कोरून आपल्या कामात वापरली, तेव्हा विद्यापीठाने तिला खटल्याची धमकी दिली. पुढे तीच कामं विकतही घेतली. २०१९मध्ये तमारा लॅनियर यांनी, आपण त्यांतल्या रेंटीचे वंशज आहोत म्हणून, दावा लावला. सहा वर्षांनी तडजोड झाली आणि छायाचित्रं हार्वर्डबाहेर, चार्ल्स्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात द्यायचं ठरलं. कलाकाराने वाट पाडली, कोर्टात वंशजाने नेली.

ज्या वाचकाला या विषयात शिरायचं असेल त्याने ‘आर्ट इज...’ची छायाचित्रं आधी पाहावीत, मग ‘मायनिंग द म्युझियम’चा कॅटलॉग. ‘एक्झिबिट बी’ आणि शुट्झच्या वादावरचे लेख त्यानंतर वाचले तरी चालतील. त्यांत मतं फार आहेत आणि पाहण्यासारखं थोडं.